अनंताची फांदी

आई गेली तेव्हा मला सगळ्यांनी सांगितलं की ती देवाघरी गेली, आणि तिचे दिवस होतात न होतात तोच तीच माणसं दबक्या आवाजात बोलू लागली की ती कुठं गेलेलीच नाही. बाळंतपणात गेलेली बाई, पोटातलं मूलही तिच्याबरोबरच गेलेलं. अशा बाईची अळवंतीण होते, ती घराच्या मागल्या दारी घुटमळत राहते, असं आमच्या गुंजीच्या बाजूला तेव्हा सगळेच मानायचे. मोठी माणसं भ्यायली. परसाकडचं दार दिवस कलला की लागायला लागलं. मला मात्र त्या बोलण्यातलं एवढंच कळलं की आई अजून परसात आहे, आणि ते ऐकून मला इतकं हायसं वाटलं की त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपले. आज इतक्या वर्षांनी लिहिताना त्याचं नवल वाटतं. भुताच्या भरवशावर झोपणारी मुलगी होते मी.

घर जांभ्या दगडाचं, कौलारू, रेल्वेच्या रुळापासून हाकेच्या अंतरावर. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते. लोंढ्याच्या बाजूला चढ चढणारी मालगाडी आली की चुलीवरच्या तव्याला कंप सुटायचा आणि भिंतीतली माती पिठासारखी झरायची. आप्पा कामावरून आले की त्यांच्या कपड्यांना लोखंडाचा आणि तेलाचा वास असायचा. ते फार कमी बोलत. घर चालवायची ती त्यांची थोरली बहीण. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं, मीही तेच म्हणायचे. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, पावसाळ्यात सुकटीची चटणी, सणाला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ, हे सगळं तिच्याच हातचं. आई गेल्यावर तिच्या हाताची चव गेली नाही, पण ती वाढताना सारखी दाराकडं बघायची.

मागल्या दारी न्हाणीघराला लागून अनंताचं झाड होतं. झाड म्हणायचं, पण ते झुडूपच, माझ्या डोक्याहून थोडं उंच. आईनं ते लग्नानंतर लावलेलं. न्हाणीचं पाणी त्याच्या बुडात जायचं, त्यामुळं पानं कायम तेल लावल्यासारखी हिरवीगार. फूल उमलतं तेव्हा पांढरंशुभ्र असतं, मग पिवळं पडत जातं, आणि संध्याकाळी त्याचा वास असा जड होऊन पसरतो की माणूस बोलता बोलता थांबतं. आई गेली त्या वर्षी त्याला खूप फुलं आली. तिन्हीसांजेला मी कपडे धुवायच्या दगडावर त्या वासात बसून राहायचे. वाट बघायचे. वाऱ्यानं फांदी हलली की अंग ताठ करून बसायचे, तिला मी हलताना दिसले तर ती निघून जाईल असं वाटायचं. मग आक्का यायची आणि दंडाला धरून आत ओढायची.

"तिन्हीसांजंचं तितं बसू नगंस म्हणून कितीदा सांगायचं गं तुला?"

"आई येती तितं."

आक्कानं तेव्हा माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

वर्षाच्या आत आप्पांचं दुसरं लग्न झालं. मुलगी कडोलीची. तिचं नाव सुमन, पण मी तिला मावशी म्हणायचं असं ठरलं. वीस वर्षांची असेल नसेल. माहेरचा फुलांचा मळा. गुलाब, जास्वंद, मोगरा बेळगावच्या बाजाराला जायचा. ती आली त्या दिवशी माझं लक्ष तिच्या तोंडाकडं गेलंच नाही, गळ्याकडं गेलं. मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात सोन्याचा नखाएवढा पत्रा होता आणि त्यावर बाईचा आकार ठोकलेला. बिजवराशी लग्न केलेल्या बाईनं पहिलीचा टाक असा गळ्यात बाळगायचा, म्हणजे पहिली छळत नाही, अशी रीत. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला दाखवायचं, हळदकुंकू आधी त्याला, मग स्वतःला. मी त्या पत्र्याकडं टक लावून बघत राहिले की मावशी पदर ओढून घ्यायची. बरेच दिवस आम्ही दोघी अशाच, मी बघायची आणि तिनं झाकायचं. मग एकदा ती तांदूळ निवडत बसली होती आणि मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि खाली वाकली. टाक माझ्या हातात आला. तो तिच्या अंगाच्या उबेनं गरम होता.

"ही तुझी आई," ती म्हणाली. "रोज आदी हिला कुक्कू लावतो, मग मला. चालतंय न्हवं तुला?"

आमच्याकडं बायकाही 'मी लावतो, मी जातो' असंच बोलतात. मी मान हलवली. टाकावरच्या बाईला नाकडोळे नव्हते. ती माझ्या आईसारखी अजिबात दिसत नव्हती, पण मी तसं बोलले नाही.

मावशीला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गेलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा आक्कानं धीर सोडला. ती पलीकडच्या गावच्या देवऋष्याकडं जाऊन आली. तिकडं काय काय झालं ते आम्हाला कळलं नाही, पण आल्या आल्या तिनं पायही धुतले नाहीत. आप्पा ओसरीवर चहा पीत होते. तिनं त्यांना सांगितलं, "मागच्या दारातल्या झाडावर बसलीया ती. मुळासकट काढाय सांगितलंय. न्हाईतर ह्ये बी ऱ्हात न्हाय म्हनाला."

आप्पा कपातल्या चहाकडं बघत बसले. मग उठले आणि कोपऱ्यातला कोयता घेतला.

मी त्यांच्या पायाला मिठी मारली होती असं शेजारच्या बायका पुढं सांगायच्या. मला ते आठवत नाही. मला आठवतो तो आवाज. अनंताची फांदी चिवट असते, एका घावात तुटत नाही. पावसाळा चालू होता, जमीन मऊ होती, तरी बुंधा निघता निघेना. आप्पांनी पहार लावली. बुंधा निघाला तेव्हा खालच्या तांबड्या मातीत पांढऱ्या मुळांचं जाळं उघडं पडलं, आणि मला एकदम वाटलं की आपण हे बघायला नको. मावशी दारात पोटावर हात ठेवून उभी होती. तिच्यासाठीच हे चाललं होतं, आणि तिचं तोंड पांढरं पडलं होतं. आक्कानं बुंधा चुलीच्या राखेत लोळवून ओढ्यापलीकडं टाकायला लावला. फांद्यांचा ढीग आप्पा दुसऱ्या फेरीत नेणार होते.

त्यानंतर मी बोलायची बंद झाले. रुसून नव्हे, आतून शब्दच येईनात. शाळेत बाई विचारायच्या, मी उभी राहायची आणि नुसती बघायची. ताटातलं अन्न चिवडून ठेवायची. घरात सगळ्यांना एवढंच दिसलं की मुलगी हट्टाला पेटलीय. आईला घरातनं हाकललंय आणि ती पावसात ओढ्याच्या पलीकडं उभी आहे, हे कुणाला सांगणार होते मी? संध्याकाळी आता न्हाणीपाशी नुसत्या ओल्या मातीचा वास येई. तिथं खड्डा बुजवलेला. मी तिकडं बघायचंही टाळायची.

मग एका दुपारी आक्का देवळात गेलेली बघून मावशीनं माझा हात धरला आणि गोठ्याच्या मागं नेलं. तिथं ऊन पोचत नसे. पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीआड एक तोंड फुटलेला घडा होता, ओढ्याच्या वाळूनं भरलेला, आणि त्यावर लोणच्याची काचेची बरणी पालथी घातलेली. बरणी आतून घामेजली होती. मावशीनं ती उचलली. वाळूत बोटाएवढ्या काही काड्या उभ्या होत्या, वर दोन-दोन पानं, तीही अर्धी कापलेली.

"आप्पा फांद्या न्याय यायच्या आत काढून घेतल्या," ती म्हणाली. "लई कवळी फांदी कुजती, लई जून झाली की मूळ धरत न्हाय. मधली बगायची. डोळ्याच्या खाली तिरकी कापायची. पानं अर्धी छाटायची, न्हाईतर तीच सगळं पानी पिऊन टाकत्यात. आमच्यात मळ्यात अशीच करायचे."

मी त्या काड्यांकडं बघत होते. किती दिवसांनी माझ्या तोंडातून आवाज निघाला. "आई हितं हाय?"

मावशीनं गळ्यातला टाक मुठीत धरला होता. "मला ठावं न्हाय गं. मला बी भ्या वाटतंय. रोज वाटतंय. पर मी इचार केला, बसल्या जागंवरनं उठवून पावसात हाकललं, तर कुणाला राग येनार न्हाय? मला आलाच असता." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "कुनाला सांगू नगंस. आनि वढून बगायचं न्हाय. मूळ आलंय का बगाय म्हणून वढलं की तुटतंय ते."

तेव्हापासून मी बोलू लागले, आणि माझं पहिलं बोलणं त्या घड्याशीच असायचं. शाळेतून आले की दप्तर टाकून गोठ्यामागं. शाळेत काय झालं, आज आमटीत मीठ जास्त पडलं, आप्पांच्या पायाला खडी लागली. काड्या एकेक करून काळ्या पडल्या. खालून कुजत यायच्या, मावशी त्या चिमटीत धरून अलगद काढायची आणि मी ओरडू नये म्हणून माझ्याकडं बघायची. शेवटी एकच राहिली. तिला वर एक बारीक कोंब फुटला तेव्हा मी नाचलेच, पण मावशी म्हणाली, कोंबाचं काही खरं नाही, काडीत जीव असला तर कोंब मुळाशिवायही फुटतो. मावशीचं पोट वाढत होतं. वाकताना तिला गोठ्याच्या भिंतीला धरावं लागे. तिथं आम्ही दोघी बसलेल्या असताना मालगाडी गेली की काचेची बरणी घड्यावर किणकिणायची.

सुगीचे दिवस आले. भातं कापायला झाली होती आणि त्याच दिवसांत मावशीला कळा सुरू झाल्या, अजून दिवस भरायचे होते तरी. सकाळपासून ती माजघरात होती. सुईण आली, दुपार व्हायला लागली आणि सुईणीनं आप्पांना बाहेर बोलावून मान हलवली. मी चुलीपाशी बसून होते. आक्का पाणी न्यायला आली आणि हंडा उचलता उचलता थांबली. तिचे डोळे माजघराच्या दारावर खिळले होते, जिथं कुणीच नव्हतं.

"आलीया ती," आक्का म्हणाली. माझ्याशी बोलत नव्हती ती. "झाड काढलं तरी आली. माझ्याम्होरं उभी हाय बग."

मी धावत गोठ्यामागं गेले. काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. आईला तिथं मीच ठेवून घेतलं होतं, रोज बोलून बोलून. आता मीच तिला जायला सांगायचं. मी बरणी काढून टाकली. "सोड तिला," मी म्हणाले. आतून मावशीच्या ओरडण्याचा आवाज आला. मी काडी बोटांत धरली आणि ओढली.

ती आली नाही. वाळूत रुतलेली नुसती काडी असती तर हातात आली असती. तिनं खालून धरलं होतं. अगदी थोडं, एखादं लहान मूल बोट धरतं तेवढं, पण धरलं होतं. मूळ सुटलं होतं तिला. मी आणखी जोर लावला असता तर ते तुटलं असतं. माझी बोटं त्या काडीवर होती, कानात मावशीचा आवाज होता, आणि मला हात मागेही घेता येईना नि ओढताही येईना. किती वेळ गेला कोण जाणे. मग घरापुढं बैलगाडी जुंपल्याचा आवाज आला आणि मी हात सोडला.

आप्पांनी मावशीला दुपारच्या गाडीनं बेळगावला नेलं. घरात आक्का आणि मी. तिनं चूल पेटवली नाही. आम्ही दोघींनी पोहे भिजवून गूळ घालून खाल्ले. तेव्हा ती माझ्याशी पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्या आईबद्दल बोलली. "जाताना तिनं माझा हात धरलता. घट. मला पानी तापवाय जायचं हुतं म्हणून मीच बोटं सोडवली. परत आलो तर…" मला एवढंच समजलं की आक्काला दिसणारी आई आणि मला हवी असलेली आई एकच आहे, आणि आक्का तिला माझ्याइतकीच रोज भेटते.

आप्पा आले ते एकटेच. बाळ मुलगी होती, ती राहिली नाही. मावशी वाचली, पण आणखी काही दिवस तिकडंच राहणार होती. आक्कानं कपाळावर हात मारून घेतला. मी परसात जाऊन ओकले.

मावशी परतली तेव्हा ओळखू न येण्याइतकी वाळली होती. सगळे तिला निजायला सांगत होते. मी तिच्या अंथरुणाशी बसले आणि जे झालं ते सगळं सांगितलं, काडी ओढली ते, ती निघाली नाही ते, मी सोडून दिली ते. मला वाटत होतं ती मला ढकलून देईल.

"म्हंजी मूळ धरलंय," ती म्हणाली, आणि मग रडायला लागली. ती आल्यापासून तिला रडताना कुणी बघितलं नव्हतं.

हिंडायफिरायला लागल्यावर पहिलं काम तिनं ते केलं. घडा स्वतः उचलून न्हाणीपाशी आणला, सगळ्यांच्या देखत, आणि बुजवलेला खड्डा कुदळीनं उकरायला लागली. आक्का धावून आली.

"दोन ल्येकरं घालवलीस आनि परत तिलाच दारात आनतीस? डोस्कं फिरलंय का तुजं?"

"घालवली, व्हय," मावशी म्हणाली. तिला धाप लागली होती. "झाड हुतं तवा एक गेलं. झाड काढलं तवा दुसरं गेलं. आता मी कुनाकुनाला काढू, आक्का? माझं बी एक ल्येकरू आता तिच्यासंगं हाय. त्याला कोन बगनार?"

आप्पा ओसरीवरून उठून आले. मला वाटलं आता कोयता येणार. त्यांनी मावशीच्या हातातली कुदळ घेतली आणि खड्डा स्वतः खोल केला. घडा हलक्या हातानं फोडला. वाळू निसटली आणि ती मुळं दिसली, पांढरी, दोऱ्याएवढी, आम्ही सगळ्यांनी बघितली. आप्पांनी माती ओढली आणि हातानं दाबली. मग तसेच उकिडवे बसून राहिले आणि म्हणाले, "यशोदे, बस हितं." आईचं नाव. आक्का पदर तोंडाला लावून रडत होती, पण ते झाड काढा असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

पुढं माझा भाऊ झाला, तो आता हुबळीला असतो. मी शिकले, बेळगावात नोकरी केली, इथंच घर बांधलं. आक्का, आप्पा गेले. गुंजीचं घर विकलं त्याआधी त्या अनंताच्या फांद्या मावशीनं मधल्या बघून, तिरक्या कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. आज माझ्या कुंपणाला अनंत आहे, गल्लीतल्या चार घरांतही त्याचीच झाडं आहेत. लोकांना मी सांगत नाही ती कुठून आली.

ते बाळ का गेलं, याचं डॉक्टरी उत्तर मला आता ठाऊक आहे. मावशीच्या अंगात रक्त नव्हतं, दिवस भरले नव्हते, आणि गाडीची वाट बघण्यात दुपार गेली. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. तरी कधी रोप लावताना ते रुजलंय का बघायला बोट लावते, आणि त्यानं खालून धरलं की हात मागे घेते.

मावशी माझ्याकडेच असते. ऐंशीच्या घरात आहे. गेल्या दोनेक वर्षांत तिचं विसरणं वाढलंय. जेवली का ते आठवत नाही, मला कधी माहेरची कुणी मंगल समजते, कधी आक्का म्हणते. संध्याकाळी तिला कुंपणापाशी खुर्ची टाकून द्यावी लागते. तिथं ती कुणाशी तरी बोलत बसते, खालच्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तसं, मध्ये थांबून ऐकते, मान हलवते, हसतेही. सुरुवातीला मी तिला आत आणायची. आता आणत नाही. आयुष्यभर मी ज्या बाईची वाट बघितली ती मला एकदाही दिसली नाही, आणि हिच्याशी रोज गप्पा मारतेय, याचा मला हेवा वाटतो हे खरं.

परवा चहा घेऊन गेले तर ती गप्प बसली होती. अनंत फुलला होता, वास नुसता दाटला होता.

"काय गं मावशी, आज बोलाय न्हाय कोण आलं?"

"आलती की. आत्ताच गेली." तिनं कप दोन्ही हातांत धरला. "आज इचारलं मी तिला. म्हटलं, येवडी वर्सं मला भिवावलीस, का गं भिवावलीस?"

मी खाली तिच्या पायाशी बसले. "मग? काय म्हनाली?"

मावशी झाडाकडं बघून हसली, जरा लाजल्यासारखी.

"म्हनाली, मीच तुला भीत हुतो की. माझ्या घरात नवी आलतीस तू, माझी पोर तुझ्या हातात. मी रोज दारात उभी ऱ्हाऊन बगायचो, जेवाय घालतीस का न्हाय तिला."